प्रिंटर स्टिकर पेपर ओढत नाही, तेव्हा काय करावे?

नवरात्र संपून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या, की ठाणे आणि नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत रात्री उशिरापर्यंत प्रिंटरची घरघर ऐकू येते. चकलीच्या पाकिटावरचे लेबल, लोणच्याच्या बरणीवरचे नाव, जून महिन्यात मुलांच्या वह्यांवर लावायच्या चिठ्ठ्या, संक्रांतीच्या वाणाच्या डबीवरचे गोल स्टिकर, ही सगळी कामे घरी होण्यासारखी आहेत आणि इंक टँकचे प्रिंटर घरोघरी आल्यापासून ती स्वस्तातही पडतात. अडचण एवढीच, की साध्या कागदावर वर्षभर बिनतक्रार चालणारा प्रिंटर स्टिकर पेपर समोर येताच रुसून बसतो. रोलर नुसता फिरतो आणि कागद तसूभरही हलत नाही, किंवा दोन कागद एकदम आत जातात, किंवा एखादा अर्ध्यावर थांबतो आणि लाल दिवा लुकलुकू लागतो.

मी ऐरोलीत राहतो आणि माझ्या वहिनींच्या फराळाची लेबले गेली काही वर्षे घरच्याच प्रिंटरवर छापतो. त्या अनुभवावरून सांगतो, की अशा वेळी दोष बहुधा कागदात, त्याच्या साठवणीत किंवा संगणकातल्या एखाद्या सेटिंगमध्ये सापडतो आणि प्रिंटरपर्यंत जाण्याची वेळ क्वचितच येते. म्हणून या लेखातील तपासणी कागदापासून सुरू होते. नवख्या वाचकांनी शक्यतो हाच क्रम पाळावा, कारण उलट्या क्रमाने गेल्यास प्रिंटर उघडण्यात एक संध्याकाळ जाते आणि शेवटी कळते, की गड्डीतले कागदच एकमेकांना चिकटले होते.

स्टिकर पेपर वेगळा का वागतो

साधा कागद हा एकच थर असतो. स्टिकर पेपरमध्ये वर छपाईचा कागद किंवा प्लास्टिकची फिल्म, मध्ये चिकट गम आणि खाली सिलिकॉनचा लेप दिलेला मागचा कागद असे तीन थर असतात. हा मागचा कागद, ज्याला दुकानदार रिलीज पेपर म्हणतात, वरच्या बाजूने तर गुळगुळीत असतोच, पण अनेक प्रकारांत त्याची पाठही चकचकीत असते. प्रिंटर मात्र कागद ओढतो तो केवळ घर्षणाच्या जोरावर. पिकअप रोलर नावाचे रबरी चाक कागदाला पुढे ढकलते आणि त्याच्या समोर असलेले सेपरेशन पॅड गड्डीतल्या पुढच्या कागदाला रोखून धरते. रबराला पकड मिळाली नाही, तर चाक जागच्या जागी फिरते, ठरलेल्या वेळात कागदाची कड सेन्सरपर्यंत पोहोचत नाही आणि ट्रेमध्ये कागद असूनही प्रिंटर ‘कागद संपला’ असे सांगतो. हा संदेश खोटा नसतो. प्रिंटरच्या दृष्टीने कागद आलेलाच नसतो.

दुसरा फरक जाडीचा आहे. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा असतो, तर स्टिकरचे तिन्ही थर मिळून वजन त्याच्या दुप्पट किंवा अधिकही भरते. पाकिटावर जीएसएम लिहिलेले नसेल, किंवा लिहिलेला आकडा फक्त वरच्या थराचा असेल, तर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा कामी येतो. ए-४ आकाराचे सोळा कागद मिळून जवळजवळ एक चौरस मीटर होतात, म्हणून एका कागदाचे ग्रॅममधील वजन १६ ने गुणले की जीएसएम मिळतो. एका कागदाचे वजन काट्यावर नीट दिसत नाही, तेव्हा दहा कागद एकत्र ठेवून दहाने भागावे. दहा साधे कागद ५० ग्रॅम भरतात, म्हणजे ते ८० जीएसएमचे. दहा स्टिकर पेपर १०० ग्रॅम भरले, तर ते १६० जीएसएमचे. हा आकडा प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा. मर्यादेबाहेरचा कागद एखाद्या वेळी निघेलही, परंतु त्यावर शंभर लेबलांची ऑर्डर घेऊ नये.

पहिली पायरी: साध्या कागदाची चाचणी

स्टिकर पेपर बाजूला ठेवावा आणि ट्रेमध्ये वीस-पंचवीस साधे, कोरडे कागद भरून पाच-सहा पाने छापून पाहावीत. साधा कागदही अडखळत असेल, तर रोलरवर धूळ आहे किंवा आत काहीतरी अडकले आहे, असे समजून थेट रोलर स्वच्छ करण्याच्या भागाकडे वळावे. साधा कागद सुरळीत निघत असेल, तर प्रिंटर ठणठणीत आहे आणि पुढचा सगळा शोध कागदाभोवतीच घ्यायचा आहे.

याच चाचणीत आणखी एक काम उरकून घ्यावे. एका कोऱ्या कागदाच्या दर्शनी बाजूवर पेन्सिलीने बाण काढावा, तो ट्रेमध्ये ठेवून छापावा आणि छपाई बाणाच्या बाजूला आली की पाठीमागे, हे पाहावे. मागच्या ट्रेतून कागद घेणाऱ्या प्रिंटरमध्ये, उदाहरणार्थ एप्सनच्या एल-३२१० व एल-३२५० किंवा कॅननच्या जी-२०१० व जी-३०१० या मॉडेलांमध्ये, छपाईची बाजू आपल्याकडे तोंड करून ठेवायची असते आणि कागद फारसा न वळता पुढे येतो. समोरच्या तळट्रेतून कागद घेणारे प्रिंटर मात्र कागदाला इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे वळवतात, छपाईची बाजू खाली ठेवायला लावतात आणि त्यांचा रोलर नेमका स्टिकरच्या गुळगुळीत पाठीवर टेकतो. त्यामुळे अशा प्रिंटरमध्ये स्टिकर घसरण्याची आणि वळणावर सुटण्याची, दोन्ही शक्यता जास्त असतात. ज्यांना वारंवार लेबले छापायची आहेत आणि प्रिंटर अजून घ्यायचा आहे, त्यांनी मागचा ट्रे असलेलाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागद घेताना आणि घरी आणताना

आपल्याकडे बरेच दुकानदार सगळ्याच स्टिकर पेपरला गमिंग शीट म्हणतात, त्यामुळे नुसते ‘गमिंग शीट द्या’ म्हटल्यास काय हाती पडेल याचा नेम नसतो. क्रोमो स्टिकर हा प्रकार लेझर आणि डिजिटल प्रेससाठी ठीक आहे, पण इंकजेटची (घरगुती इंक टँकचे प्रिंटर याच प्रकारात येतात) पाण्याची शाई त्यावर मुरत नाही. ती ओली राहते आणि बाहेर येताना रोलरलाही लागते. इंकजेटसाठी पाकिटावर तसे स्पष्ट लिहिलेला मॅट किंवा ग्लॉसी कागद घ्यावा. पहिल्यांदाच छापणाऱ्याने मॅटपासून सुरुवात करावी, कारण तो सहसा कमी घसरतो आणि लवकर सुकतो.

ठाणे स्टेशनच्या आसपास किंवा वाशीत काही दुकानांत १२ × १८ इंचांच्या मोठ्या शीटमधून ए-४ कापून देतात. ते स्वस्त पडते, पण कटिंग मशीनचे पाते बोथट असेल, तर कापताना गम दाबून कडेला बाहेर येतो आणि पन्नास कागदांची गड्डी एका बाजूने हलकेच जोडली जाते. घेण्यापूर्वी गड्डीच्या चारही कडांवरून बोट फिरवावे. बोट कुठे अडले किंवा चिकटले, तर ती गड्डी परत करावी. कापलेला कागद खरोखर २१० × २९७ मिलिमीटरचा आहे की नाही, हेही साध्या ए-४ कागदावर ठेवून पाहावे, कारण दोन मिलिमीटर रुंद कागद ट्रेच्या कडांमध्ये दाबून बसतो आणि रोलरला तो हलवता येत नाही.

राहिला घरी आणण्याचा प्रश्न. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरच्या गर्दीच्या लोकलमध्ये सपाट कागद सांभाळणे कठीण, म्हणून पुष्कळ जण गुंडाळी करून त्यावर रबरबँड लावतात. माझ्या एका गड्डीची अशीच गुंडाळी झाली होती आणि त्या कागदांची कमान आठवडाभर पुस्तकांच्या खाली ठेवूनही पूर्ण गेली नाही. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये कागद ठेवून तो बॅगेत पाठीच्या बाजूने उभा सरकवावा, एवढी काळजी पुरते. घरी पोहोचल्यावर मात्र तो आडवाच ठेवायचा.

रोलर फिरतो, पण कागद हलत नाही

ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार असल्याने तिला थोडा वेळ द्यावा लागेल.

ट्रेमध्ये एका वेळी एकच स्टिकर पेपर ठेवावा. पाकिटावर काहीही लिहिलेले असो, घरगुती प्रिंटरसाठी हाच नियम सुरक्षित आहे. कागद ठेवण्याआधी तो डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून त्याला बाक आहे का, ते पाहावे. कड वर किंवा खाली दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त वळलेली दिसली, तर कागद उलट्या दिशेने हलक्या हाताने वाकवून सरळ करावा. घडी पडता कामा नये, कारण घडीच्या जागी वरचा थर मागच्या कागदापासून सुटतो. इस्त्री फिरवण्याचा मोह टाळावा. उष्णतेने गम सैल होऊन कडेने बाहेर येतो.

ट्रेच्या कडेचे सरकते मार्गदर्शक कागदाला नुसते टेकतील, दाबणार नाहीत, असे ठेवावेत. योग्य घट्टपणा ओळखण्याची खूण अशी, की मार्गदर्शक लावल्यावर कागद दोन बोटांनी वर उचलला तर तो न अडता वर यावा आणि सोडला की न डगमगता खाली बसावा. मागच्या ट्रेची आधाराची पट्टी पूर्ण वर ओढलेली असावी. अनेक जण जागा वाचवण्यासाठी ती अर्धीच उघडतात. साध्या कागदाला ते चालते, परंतु जड स्टिकर पेपरचे वरचे टोक मागे झुकते आणि त्याच्या वजनामुळे खालची कड रोलरपासून दूर जाते.

यानंतरही कागद घसरत असेल, तर त्याच्यामागे पाच ते दहा साधे कागद ठेवावेत आणि सर्वांच्या खालच्या कडा टेबलावर आपटून एका रेषेत आणाव्यात. साध्या कागदांच्या आधारामुळे एकट्या स्टिकरला मिळत नसलेला दाब रोलरखाली मिळतो आणि मागचा साधा कागद सहसा तिथेच राहतो. समोरच्या तळट्रेच्या प्रिंटरमध्येही हाच उपाय करता येतो: खाली साधे कागद आणि सर्वांत वर एक स्टिकर पेपर.

तरीही चाक फिरतच राहिले, तर थोडी हाताची मदत द्यावी लागते. छपाईची आज्ञा दिल्यावर रोलर फिरण्याचा आवाज येताच कागदाच्या वरच्या कडेच्या मधोमध बोटाचे टोक ठेवून अगदी हलका दाब द्यावा आणि कागद आत सरकू लागल्याचे जाणवले, की लगेच बोट काढावे. दाब कडेला दिला तर कागद तिरपा जातो, आणि बोट काढायला उशीर झाला तर छपाईच्या पहिल्या ओळी एकमेकींवर चढतात. दोन-तीन कोऱ्या कागदांवर सराव केल्यास हा अंदाज येतो. कागदाची दिशा उलटून, म्हणजे खालची कड वर आणि वरची खाली करूनही पाहावे. एकच कड खराब कापलेली असल्यास तेवढ्याने काम होते.

सेटिंगचा भाग लोक विसरतात. कागदाचा प्रकार ‘प्लेन’ असाच राहिला, तर प्रिंटर पातळ कागद समजून वेगाने ओढतो आणि पकड सुटते. मॅट स्टिकरसाठी मॅट कागदाचा आणि ग्लॉसीसाठी फोटो कागदाचा पर्याय निवडावा. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकातल्या प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, शांत छपाईचा, म्हणजे ‘क्वाएट मोड’चा पर्याय असेल, तर तोही चालू करून पाहण्याजोगा आहे, कारण त्यात हालचालीचा वेग कमी होतो. त्याच वेळी कागदाचा आकार ए-४ आहे ना, याची खात्री करावी. काही प्रोग्राम आपणहून ‘लेटर’ हा अमेरिकी आकार धरतात, जो ए-४ पेक्षा रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो, आणि मग शेवटच्या रांगेतली लेबले अर्धवट छापली जातात.

रोलर स्वच्छ करणे

कागदातली पांढरी बारीक भुकटी रोलरवर साचली, की रबर खडबडीत न राहता काचेसारखे लागते. ही भुकटी कागदात भरलेल्या कॅल्शियम कार्बोनेटसारख्या पदार्थांची असते. कॅननच्या ड्रायव्हरमध्ये देखभालीच्या भागात ‘रोलर क्लीनिंग’ ही आज्ञा आहे. ती प्रथम वापरावी. तशी सोय नसेल, तर प्रिंटर बंद करून प्लग काढावा, लव न सुटणारे सुती कापड फिल्टरच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळावे आणि रोलरचा जेवढा भाग दिसतो तेवढा रुंदीच्या दिशेने पुसावा. हाताने चाक थोडे फिरत असेल तर फिरवून पूर्ण परीघ पुसून घ्यावा. फिरत नसेल तर जोर करू नये, प्लग लावून कोरडा साधा कागद दोन-तीनदा आतून काढून चाक पुढे सरकवावे आणि प्लग काढून पुन्हा पुसावे. कापडावर राखाडी पट्टा उमटणे थांबले, की रोलर स्वच्छ झाला. अर्धा तास वाळू द्यावे. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही रबराला लावू नये. रबर फुगते किंवा त्याला तडे जातात, आणि मग खरोखरच नवा रोलर घालावा लागतो.

दोन कागद एकदम, किंवा एकच पण तिरपा

एका वेळी एकच कागद ठेवण्याचा नियम पाळला, तर पहिली तक्रार उरतच नाही. ज्यांना दोन-चार कागद एकत्र ठेवायचेच आहेत, त्यांनी गड्डी दोन्ही हातांनी धरून पत्त्यांसारखी पिसून मोकळी करावी, चिकटलेल्या कडा सोडवाव्यात आणि नंतरच ती टेबलावर आपटून सरळ करावी. पावसाळ्यात पिसूनही कागद परत चिकटतात, तेव्हा हा हट्ट सोडलेला बरा.

कागद तिरपा जात असेल, तर आधी मार्गदर्शक सैल आहेत का ते पाहावे. मग कागद खरोखर काटकोनात कापलेला आहे का, याची परीक्षा घ्यावी: दोन कागद एकमेकांवर ठेवून वरचा उलटा करावा, कडा जुळल्या नाहीत, तर कटिंग वाकडे आहे. तिरपेपणा एरवी नजरेआड करता येतो, पण खाद्यपदार्थाच्या लेबलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, १४ अंकी क्रमांक अगदी खालच्या कडेला छापला असेल, तर दीड मिलिमीटरच्या तिरपेपणाने त्याचे शेवटचे आकडे कात्रीत जातात. मी तो क्रमांक कडेपासून निदान पाच मिलिमीटर आत घेतो.

अर्ध्यावर थांबणे आणि कडेला शाईचे डाग

कागद व्यवस्थित आत गेला, पण मधेच थांबला किंवा बाहेर येताना त्याच्या कडेवर काळपट ओरखडे दिसले, तर छपाईचे हेड, म्हणजे शाई सोडणारा सरकता भाग, कागदाला घासत आहे. जाड कागद, त्यात शाईच्या ओलीने आलेला बाक, यामुळे कड वर उचलली जाते. कॅननच्या ड्रायव्हरमध्ये यासाठी ‘प्रिव्हेंट पेपर अॅब्रेजन’ हा पर्याय आहे, तर एप्सनच्या अनेक ड्रायव्हरमध्ये ‘थिक पेपर अँड एन्व्हलप्स’ या नावाचा पर्याय मिळतो. दोन्हींमुळे हेड आणि कागद यांमधील अंतर वाढते. काम संपल्यावर तो पर्याय आठवणीने बंद करावा, नाहीतर साध्या कागदावरची बारीक अक्षरे किंचित पसरट दिसू लागतात.

पारदर्शक स्टिकरची एक निराळी गोष्ट आहे. ज्या प्रिंटरमध्ये कागदाची कड प्रकाशाच्या सेन्सरने ओळखली जाते, त्यांना पाठही पारदर्शक असलेले शीट दिसतच नाही. पांढऱ्या किंवा पिवळ्या रिलीज पेपरवरचे पारदर्शक स्टिकर घेतले, की हा प्रश्न सुटतो.

कडेपर्यंत छपाईचा, म्हणजे बॉर्डरलेस पर्याय स्टिकर पेपरसाठी वापरू नये. कागदाबाहेर पडलेली शाई आतल्या भागावर साचते आणि पुढच्या कागदाच्या पाठीला लागते.

स्टिकर आत अडकला, तर

येथे घाई सर्वांत महागात पडते. गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या रात्री मी स्वतः एक चूक केली. बारा लेबलांच्या आधीच कापलेल्या शीटवर वरच्या दोन रांगा छापून झाल्या होत्या आणि त्यांतली दोन लेबले मी सोलून वापरली होती. उरलेल्या रांगा वाया जाऊ नयेत म्हणून तेच शीट पुन्हा ट्रेमध्ये घातले. मोकळ्या जागेशेजारच्या लेबलाचा कोपरा किंचित उचललेला होता. रोलरने नेमका तोच पकडला, शीट बाहेर आले आणि लेबल आतच राहिले, रोलरला गुंडाळलेले. टॉर्च लावून पाहिले, तेव्हा चाक फिरेल तशी ‘भाजणीची चकली’ ही अक्षरे वर येत होती आणि खाली जात होती.

एक लेबलही सोललेले शीट पुन्हा प्रिंटरमध्ये घालू नये, हा नियम मी त्या रात्री शिकलो. तुमच्यावर ही वेळ आलीच, तर पुढील क्रम पाळावा. प्रिंटर बंद करून प्लग काढावा. इंक टँकचा प्रिंटर कोणत्याही परिस्थितीत उलटा किंवा आडवा करू नये, शाई सांडून आत पसरते. झाकण उघडल्यावर हेडच्या मागे आडवी ताणलेली एक अर्धपारदर्शक प्लास्टिकची पट्टी दिसते. तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक रेषा असतात आणि त्यांवरूनच हेडला आपली जागा कळते. त्या पट्टीला, पांढऱ्या चपट्या केबलला आणि शाईच्या नळ्यांना बोट लागू देऊ नये.

पूर्ण शीट अडकले असेल, तर ते दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून सावकाश ओढावे, आणि वरचा थर व मागचा कागद दोन्ही एकत्र चिमटीत आहेत ना, याकडे लक्ष द्यावे. फक्त वरचा थर ओढला, तर तो सुटून हातात येतो आणि उघडा गम आत उरतो. फाटलेले तुकडे टेबलावर जुळवून चारही कोपरे मिळाले का, हे पाहावे. एक कोपरा कमी असेल, तर तो अजून आत आहे.

लेबल रोलरलाच चिकटले असेल, तर चाकू, ब्लेड किंवा चिमट्याचे टोक वापरू नये. मी रुंद सेलोटेप चिकट बाजू बाहेर ठेवून बोटाला गुंडाळली, लेबलाच्या सुटलेल्या कोपऱ्यावर दाबली आणि चाक अगदी हळू फिरवत ओढली. तीन वेळा टेप नुसतीच हातात आली, चौथ्यांदा लेबल सलग निघाले. रबरावर राहिलेला गम टेपचाच नवा तुकडा वारंवार टेकवून उचलावा, कारण गमाला गमच चांगला ओढतो, आणि शेवटी ओलसर कापडाने पुसावे. प्रिंटर पुन्हा सुरू केल्यावर आधी चार-पाच साधे कागद काढावेत; कुठल्याही कागदावर चिकट डाग आला नाही, तरच पुढचे स्टिकर घालावे.

लेझर प्रिंटर असेल, तर

लेझरमध्ये शाईची पूड सुमारे २०० अंश सेल्सियस तापमानाच्या रोलरखाली वितळवून कागदावर बसवली जाते. इंकजेटसाठी केलेले विनाइलचे, म्हणजे प्लास्टिकचे, स्टिकर त्या उष्णतेत वितळून आत बसते, आणि ती दुरुस्ती नव्या प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जाऊ शकते. पाकिटावर ‘लेझर’ हा शब्द नसेल, तर ते शीट लेझर प्रिंटरमध्ये घालू नये. लेझरसाठीचे शीटही मॅन्युअल स्लॉटमधून एकेक घालावे आणि मागचा दरवाजा उघडा ठेवण्याची सोय असल्यास तो उघडावा, म्हणजे कागद सरळ बाहेर पडतो.

खाडीकाठची दमट हवा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते, की कपाटातले पापडही मऊ पडतात, मग कागदाची काय कथा. स्टिकरचे थर ओल कमी-जास्त शोषतात, एक थर दुसऱ्यापेक्षा जास्त फुगतो आणि सपाट कागदाला आपोआप बाक येतो. उघडलेले पाकीट पुन्हा त्याच पिशवीत घालून, सिलिका जेलच्या एक-दोन पुड्यांसह झिप असलेल्या मोठ्या पिशवीत बंद करावे आणि पलंगाखाली नव्हे, तर वरच्या कप्प्यात आडवे ठेवावे. लागतील तेवढेच कागद काढावेत आणि ट्रेमध्ये रात्रभर राहू देऊ नयेत. बाक आलेले कागद एसी किंवा पंख्याच्या खोलीत तास-दोन तास सुटे पसरून, नंतर दोन जाड पुस्तकांच्या मध्ये रात्रभर ठेवल्यास बरेचसे वठणीवर येतात. गौरी-गणपतीच्या सुमारास मोठे काम असेल, तर मी कागद आदल्या दिवशीच असा तयार करून ठेवतो.

कुठे थांबावे

साधा कागदही रोलर स्वच्छ केल्यानंतर घसरत असेल, किंवा रबर हाताला कडक आणि गुळगुळीतच लागत असेल, तर रोलर झिजला आहे. तो आणि सेपरेशन पॅड बदलून मिळतात. दुकानात जाताना मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून न्यावा आणि पॅडही बदलणार का, हे आधीच विचारावे, कारण नव्या रोलरसमोर जुने पॅड राहिले, तर दोन-दोन कागद ओढले जातात.

फ्रीजमध्ये राहणाऱ्या बाटल्यांसाठी जाड, पाण्याने न बिघडणारे विनाइल हवे असेल, तर घरच्या प्रिंटरशी झगडू नये. डिजिटल प्रेसच्या दुकानात पीडीएफ न्यावी, १२ × १८ च्या शीटवर किती लेबले बसतात ते त्यांच्याकडूनच मांडून घ्यावे आणि ‘हाफ कट’ करून मागावे, म्हणजे वरचा थरच कापला जातो, मागचा कागद अखंड राहतो आणि घरी बसून एकेक लेबल सोलता येते.